ज्या पोरीचं लग्न व्हायचं हाय

माझं माहेर दातिवऱ्याचं आणि सासर चिंचणीचं, दोन्हीकडे समुद्र दाराशी, त्यामुळे समुद्र बघायला गाड्या भरून येणाऱ्या माणसांचं मला हसूच येतं. बापाची होडी होती, ती पण अर्धी चुलत्याची. आमी भावंडं पुष्कळ झालो, जगलो ते चौघं. शाळा माझी चौथीपर्यंत. आयस सगळ्यांना सांगायची की पुढची शाळा लांब हाय म्हणून पोरीला काढली, पण शाळा काय लांब नव्हती, बोंबील वाळत घालायला हात कमी पडत होते, हे खरं. मला त्याचं काय वाटत नाय. बसची पाटी वाचता येते, देवळातली वर्गणीची पाटी वाचता येते, बाकी काय वाचायचंय. तुमी लिहून घेताय तर एक सांगून ठेवते, मी बोलेन तसं लिहा, गोड करू नका. टीव्हीवाल्यांनी मला एकदा गोड केली, तेवढी बस झाली.

आता गाण्याचं सांगते, तुमी त्याच्यासाठीच आलात. आमच्याकडे लग्नात गाणी सांगणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. माझी आजी होती, मग मावशी होती, मावशीच्या मागं मी. भटजी येऊन बसला, बँड येऊन बसला, तरी धवलारणीनं तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाय. आंब्याची डहाळी आणली की तिचं गाणं, पाणी भरून आणलं की त्याचं, नवरी पाटावर बसली की त्याचं. पण धवलारीण एकटी काय करणार, आमचं गाणं एकटीचं नसतंच. एकीनं सांगायचं आणि समोरच्या बायकांनी झेलायचं. मी ओळ टाकली की त्या तीच ओळ उचलून परत म्हणतात, ते झेलणं. म्हावऱ्याची भरलेली टोपली डोक्यावरून उतरवताना समोरचीनं हात लावायला लागतो ना, तसं. तिनं हात लावला नाय तर टोपली खाली. तसंच ओळ झेलली नाय तर ओळ खाली पडली, आणि पडलेल्या ओळीवरून धवलारणीला पुढं जाता येत नाय, ती थांबते.

आणि दुसरं म्हणजे नाव. पाटाचं गाणं हाय, त्यात धवलारीण विचारते, पाटावरी बसली गो कोन. बायका झेलतात, कोन गो बसली, कोन गो बसली. मग नाव घ्यायचं. समजा नवरी सुमन, तर सुमन बसली गो बापाची लेक, आणि बायका ते नाव झेलतात, सुमन गो बसली, सुमन गो बसली. बायकांनी नाव झेललं की ती नवरी झाली, असं आमच्यात मानतात, हळद त्याच्यानंतर लावायची. नावाशिवाय गाणं पुढं जातच नाय, तिथंच अडून बसतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं जे झालं ते सगळं ह्या नावावरून झालं.

मला चिंचणीला दिली तेव्हा मी अगदी कोवळी होती. नवरा बरा होता. प्यायचा, पण हात उचलत नव्हता, तेव्हा त्यालाच बरा म्हणायचे. तो समुद्रावरून येऊन झोपायचा आणि मी टोपली घेऊन बोईसरला. तारापूरच्या कारखान्यांत कुठून कुठून माणसं आलेली, त्यांना आधी म्हावरं ओळखताच यायचं नाय. वाम बघून विचारायचे, मौसी, ये साप है क्या. मी बोलायची, साप हाय तर माझ्या हातात कसा बसला रे, खा के देख. पुढं तेच मला शिकवायला लागले, मौसी कल का माल मत दे. बोईसरच्या बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज जाड झाला, आणि काय सांगू तुमाला, तोच आवाज मांडवात चालला. तेव्हा माईक कुठं होता. तारापूरपासून डहाणूच्या अंगापर्यंत मला बोलावणं यायचं, पार माहेरी दातिवऱ्याला पण, तीन गाड्या बदलून जायची.

मला दोन पोरं, रमेश आणि त्याच्या पाठची मंजुळा. मंजुळा बारीक चणीची पण जीभ माझ्याहून धारदार. मांडवात ती माझ्यासमोर बसून झेलायची. समोर कोण बसतं त्याच्यावर धवलारणीचं सगळं असतं. माझी ओळ पुरी व्हायच्या आधी तिला कळायचं आवाज आता वर जाणार का खाली. तिचं लग्न केळव्याला ठरलं, हरेश्वर नावाच्या पोराशी. त्यांची होडी होती आणि थोडी वाडी पण. ठरलं तेव्हापासून तो काय ना काय कारण काढून चिंचणीला यायचा आणि दर वेळी हातात विड्याची पानं. आमच्या घरात पान खाणारं कोणी नाय. मंजुळा त्याला तोंडावर बोलायची, आमी काय बकऱ्या हाव का रं, पाला घेऊन येतोस तो. तो हसायचा आणि पुढच्या वेळी परत पानं. माझा नवरा बोलायचा, हा लग्नाआधी एवढा येतोय, लग्नानंतर जाईल की नाय कोणाला ठाऊक.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. सुताराकडून सागाचा नवा पाट करून घेतला होता. गणपती गेले आणि तिला ताप आला. घरी काढा दिला, मग डॉक्टर, मग पालघरला मोठ्या दवाखान्यात, आणि तिथं ती गेली. बस. ह्याच्यावर मला जास्त बोलायचं नाय. हळद दळून ठेवली होती, ती शेजारी देऊन टाकली. पाट राहिला. सागाचा पाट टाकून कशाला देऊ, त्याच्यावर बसून मी म्हावरं साफ करते, आजपण. तेव्हा बायका बोलल्या, काय काळीज हाय हिचं. बोलू दे. पाट पडून राहिला असता तर ती काय परत येणार होती.

ते वर्ष मी गायली नाय. पुढच्या वर्षी बोलावणी आली, गेली. माझ्यासमोर मग माझी जाऊ पारू बसायला लागली आणि शेजारची येसू. दोघी चांगल्या झेलतात, पण सांगता दोघींना येत नाय.

रमेश कारखान्यात लागला, बोईसरला फ्लॅट घेतला, तिथं तन्वी झाली, माझी नात. तिनं आत्याला बघितलेली नाय, भिंतीवरचा फोटो तेवढा बघितलेला. पोरीचा गळा गोड. गाण्याच्या क्लासला जायची, पेटीवर सा रे ग म. सुट्टीत माझ्याकडे आली की मागं लागायची, आजी तुझी गाणी शिकव. मी बोलली, नावाशिवाय गाणं सांगता येत नाय आणि घरात नवरी नाय. ती बोलली, चिमी हाय ना. चिमी म्हणजे आमची मांजर. मग काय, मांजरीला पाटावर बसवायची आणि तन्वी सांगायची, चिमी बसली गो बापाची लेक. मी बोलली, बापाचा पत्ता तिच्या आयसला तरी हाय का. पोरगी हसता हसता आडवी. पण शिकली. अशी शिकली की पारू पण बोलली, वहिनी, तुमच्या मागं ही बसणार बघा.

मला तेवढंच पाहिजे होतं. माझा आवाज आता फाटलाय, तुमी ऐकताय. आमच्या बाजूला गाणी सांगणारी दुसरी कोणी उरली नाय. माझ्या मागं तन्वीनं पाटासमोर बसावं आणि बायकांनी तिचं झेलावं, एवढं सोडून मला त्या पोरीकडून काय नको होतं. टीव्ही तर नकोच होता.

पण टीव्ही आला. गाण्याची स्पर्धा होती, तिच्या क्लासच्या बाईंनी नाव घातलं, पोरगी घेतली त्यांनी. सुरुवातीला एका फेरीत तिनं हेच पाटाचं गाणं थोडं म्हटलं आणि नाव घातलं चिमीचं. परीक्षक डोळे मिटून माना हलवत होते आणि आमी इथं घरात पोट धरून हसत होतो. पारू बोलली, आपल्या मांजरीची हळद अख्ख्या महाराष्ट्रानं बघितली गो. ती पुढं पुढं जात राहिली. नाक्यावर तिचा फोटो लागला, त्याच्यात तिच्यापेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे. बोईसरची गिऱ्हाईकं विचारायची, मौसी, टीवी वाली आपकी पोती है, फिर अब मछली क्यों बेचती हो. मी बोलायची, ती गाते, मी जेवते, तुला काय पाहिजे ते बोल.

फायनलला गेली तेव्हा टीव्हीची माणसं घरी आली. मला नऊवारी नेसवली, नेसलेलीच होती ती सोडून दुसरी नेसवली, हिरवी. रिकामी टोपली डोक्यावर दिली आणि बोलले, आजी, वाळूतून चाला. मी बोलली, रिकामी टोपली घेऊन कोण चालतं, लोक वेडी म्हणतील. मग एक पोरगी आली, कानात यंत्र घातलेली, बोलली, आजी, नातीचा विषय निघाला की थोडं डोळ्यांत पाणी येऊ द्या. मी बोलली, कशाला, ती काय मेली का. त्यांनीच ठरवलं की फायनलला तन्वीनं हे गाणं पुरं म्हणायचं आणि मी, पारू आणि येसू, आमी तिघींनी स्टेजवर बसून झेलायचं.

आता ऐका. फायनलच्या आधी तन्वीचा मला फोन आला. मी अंगणात सुके बोंबील निवडत होती, घाऊक माल घेणारा समोर उभा, त्याचा टेम्पो रस्त्यात अडकवून ठेवलेला, मागून हॉर्न वाजत होते. तन्वी बोलली, आजी, एवढ्या लोकांसमोर मांजरीचं नाव नको वाटतं, मग नाव कोणाचं घालू गो. मी बोलली, नेहमी कोणाचं घालतात, ज्या पोरीचं लग्न व्हायचं हाय तिचं घालतात, लग्न झालेलीचं परत घालत नाय. ती बोलली, आपल्या घरातल्या पोरीचं चालेल ना. मी बोलली, चालेल, न चालायला काय झालं, मला वाटलं ती कोणत्या तरी चुलत बहिणीचं बोलतेय. आणि मी फोन ठेवला, कारण तो माणूस ओले बोंबील घातलेत म्हणून माझ्याशी भांडायला लागला होता.

एवढंच. हे एवढंच बोलणं झालं. मेलेल्या माणसाचं नाव पाटाच्या गाण्यात घेत नाय, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला पण कोणी सांगितलेलं नाय, माझ्या मावशीला पण कोणी सांगितलं नसेल. ते सांगायला लागतच नाय आमच्यात, मांडवात वाढलेल्या पोरीला ते आपसूक कळतं. तन्वी फ्लॅटमध्ये वाढली. तिनं मी बोलली तसंच केलं, शब्दाला शब्द.

आमाला गाडीनं नेलं. ते फायनलचं ठिकाण म्हणजे आत बर्फाचा कारखाना, एवढं गार, येसू बोलली, आपल्याला पापलेटासारखं पेटीत घालून ठेवलंय. चेहऱ्याला रंग लावला. सरावाला तन्वीनं चिमीचंच नाव घेतलं, आमी हसत झेललं. बाजेवाल्यांना तिनं सांगितलं होतं, नावाच्या ओळीवर हात थांबवायचे, बायकांनी झेललं की मग वाजवायचं. खरं नाव आता नाय सांगत, आजी, तिथंच ऐक, असं ती मला बोलली. तिचं तोंड असं खुललेलं की मी विचारलं पण नाय.

मग सगळे दिवे आमच्यावर. खाली एवढी माणसं, रमेश पुढच्या रांगेत, सून शेजारी. तन्वी मधे बसलेली, तिच्यासमोर आमी तिघी, मधे रिकामा पाट, फुलं लावलेला. तिनं सुरू केलं. काय सांगू तुमाला, मी माझी मावशी ऐकली त्या आवाजात. पाटावरी बसली गो कोन. आमी झेललं. परत विचारलं. आमी परत झेललं. आणि मग ती माझ्याकडे बघून हसली आणि तिनं नाव घेतलं.

मंजुळा बसली गो बापाची लेक.

बाजा थांबला. ती थांबली, आमी झेलायची वाट बघत. पारूनं तोंडावर पदर घेतला. येसू खाली बघायला लागली. आणि मी, मला तुमाला दुसरं काय सांगता येत नाय, माझं तोंड उघडलंच नाय. मला काय पोरीचा राग आला नव्हता. माझ्या मनात एकच आलं, हे नाव मी झेललं तर ती पाटावर येऊन बसेल, आणि समोर पाट रिकामा होता. तन्वी माझ्याकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू गेलं ते मी बघितलं. मग तिनं आपणच टाकलेलं नाव आपणच परत म्हटलं, मंजुळा गो बसली, एकटीनं, बारीक आवाजात, आणि बाजा सुरू झाला आणि गाणं पुढं गेलं. पण आपण टाकलेलं आपणच उचललं तर त्याला झेलणं म्हणत नाय.

गाणं संपलं तर सगळी माणसं उभी. एक परीक्षक डोळे पुसत बोलला, ती जी शांतता होती ना, ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाय, ह्याला म्हणतात कला. आता काय बोलायचं त्या माणसाला. ती कला नव्हती, तीन म्हाताऱ्या घाबरून बसल्या होत्या. मग तन्वीनं माईकवर सांगितलं, माझ्या आत्याची हळद व्हायची राहिली, घरातल्या ज्या पोरीचं लग्न व्हायचं हाय तिचं नाव घालतात असं आजी बोलली, म्हणून मी आत्याचं घातलं. कॅमेरा माझ्या तोंडासमोर आणला. मी रडली नाय. ते थांबले, अजून जवळ आणला. मी बोलली, दिवा बाजूला घ्या, डोळे दुखतात. ते त्यांनी दाखवलं नाय.

पहिला नंबर एका मुलाला मिळाला, चांगला गायला तो. तन्वीचा दुसरा. लोक विचारतात, तुमी झेललं नाय म्हणून तिचा नंबर गेला का. नाय हो. लोकांची मतं आधीच देऊन झाली होती. नंबर कशानं पण जाऊ दे, मला नंबराचं काय.

येताना गाडीत पारू बोलायला लागली. मेलेल्या पोरीला पाटावर बसवली आणि आमाला समोर बसवून बसवली, माझ्या घरात ह्या वर्षी नातवाचं लग्न हाय, काय समजायचं मी. तन्वी बोलली, आजी, तूच बोललीस ना गो. आणि मी तिला काय बोलायला पाहिजे होतं, बोलायला पाहिजे होतं की हो बाय, मीच बोलली, चूक तुझी नाय. ते नाय बोलली. मी बोलली, गाणं शिकलीस पण अक्कल नाय शिकलीस. ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिच्या गालावरचा रंग ओघळला होता, तो तिनं पुसला पण नाय.

पारूच्या नातवाच्या लग्नात तन्वीला गायला बोलावलं नाय. मला बोलावलं, मी गेली नाय. तिथं डीजे लावला. त्याच्यानंतर आमच्या गावात कोणीच तिला बोलावलं नाय. तोंडावर कोणी काय बोलत नाय, उलट सेल्फी काढतात, पण लग्न निघालं की आमच्या दारावरून पुढं जातात. आणि तिला पण आता ते नको. ती शो करते, सुरतला, वापीला, नाशिकला, सिनेमाची गाणी म्हणते. चांगलं चाललंय. रमेश खूश हाय. माझ्याकडे येते, पाया पडते, चिमीला मांडीवर घेते. गाण्याचा विषय मी काढत नाय, ती पण काढत नाय.

आणि गंमत बघा, गंमत म्हणायची का काय ते तुमी ठरवा. ते फायनलचं गाणं पोरांनी फोनमधून काढलं, त्याला ढोल जोडला, आणि आता सगळीकडे हळदीला तेच लावतात. चिंचणीत नाय लावत, इथल्यांना माहीत हाय. पण पालघर, बोईसर, माहीम, केळवे, कुठं पण जा. नवरी कोणी पण असो, आरती, पूजा, कोणी पण, डीजेतून नाव येतं मंजुळाचं, आणि पोरी नाचतात. मी बोईसरहून परत येताना रिक्षात बसली असली आणि रस्त्यात मांडव असला की ऐकते. माझ्या पोरीला एका हळदीची पण नवरी होता आलं नाय, आणि आता ती सगळ्यांच्याच हळदीत. रिक्षावाला मान हलवतो, बोलतो, मस्त गाना है मौसी. मी बोलते, हां.

ह्या लग्नसराईत एक दिवस मी ओट्यावर जवळा पाखडत बसली होती, तर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं. मी ओळखला नाय. हातात कागदात गुंडाळलेली विड्याची पानं होती, ती बघितली आणि ओळखला. हरेश्वर. एवढ्या वर्षांत आला नव्हता. मी बोलली, आमच्या घरात अजून पान खाणारं कोणी नाय रं. तो हसला, तसाच. बोलला, मावशी, माझ्या लेकीची हळद हाय, तुमी या गाणी सांगायला. मी बोलली, माझा आवाज ऐकतोस ना, डीजे लाव. तर तो बोलला, मावशी, डीजेवाल्याकडे ते गाणं हाय. माझ्या पोरीच्या हळदीला ते नाव वाजायला नको, आणि ते नाव बंद करा असं पण मला कोणाला सांगता येत नाय, तोंडातून निघतच नाय. त्यापेक्षा तुमी या.

मी तन्वीला फोन केला. बोलली, बाय, केळव्याला हळद हाय, तू सांग, मी समोर बसते, मी झेलते. ती बोलली, आजी, माझा शो हाय, आणि मी ते गाणं आता म्हणत नाय गो, तू जा. मी बोलली, बरं.

येसूला घेऊन गेली. पारूला विचारलं, ती बोलली, गुडघा दुखतोय. केळव्याला मांडवात खुर्च्या होत्या, पोरी सगळ्या सारख्या पिवळ्या ड्रेसमध्ये, हातात मोबाईल. नवरीचं नाव निकिता. मी सांगायला बसली तर आवाज मधेच तुटायचा, मी खोकायची, परत धरायची. येसू झेलत होती आणि तिथल्या दोन म्हाताऱ्या उठून आमच्यात येऊन बसल्या, त्यांना येत होतं. पोरी शूटिंग घेत होत्या. निकिता बसली गो बापाची लेक. झेललं त्यांनी. हळद लागली. बरं झालं का वाईट झालं विचाराल तर, झालं. मावशीनं ऐकलं असतं तर मला उठवली असती.

हरेश्वर आमाला रिक्षापर्यंत सोडायला आला. येसू आधी जाऊन बसली. तो तिथंच उभा, जात पण नाय. मी बोलली, जा आता, तुझ्या घरी पाहुणे हायत. मग तो बोलला, मावशी, फायनल मी बघत होतो. घरात सगळी बसली होती टीव्हीसमोर. तन्वीनं नाव घेतलं आणि तुमी तिघी गप्प. ती पोर वाट बघत होती. मला बघवेना. मी बोललो. बायकोनं विचारलं, काय पुटपुटता, मी बोललो, काय नाय. मी झेललं मावशी.

एवढं बोलून तो मांडवाकडे गेला, कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

आता पुरुषानं झेललेलं धरतात का नाय, मला ठाऊक नाय. विचारायला आजी नाय, मावशी नाय. आमच्यात पुरुष कधी झेलतच नाय, त्यामुळे ह्याचा काय नेम कोणी करून ठेवलेला नाय. मी रिक्षात बसून हाच विचार करत आली, आणि अजून करते. मी तिची आय, तीन हात समोर बसली होती आणि तोंड मिटून बसली. तो तिकडे केळव्याला, बायकोच्या शेजारी बसून. जो पानं आणायचा तो.

तन्वीला हे मी सांगितलेलं नाय. फोनवर सांगायची गोष्ट नाय ही, फोनवर घाईत बोललेल्याचं काय होतं ते मी एकदा बघितलंय. ती घरी येईल, मांजर मांडीवर घेऊन बसेल, तेव्हा सांगीन असं म्हणते, आणि ती आली की जवळा पाखडत बसते आणि चहा घेतेस का विचारते. जमत नाय मला. म्हणून तुमाला बोलावलं, खरं सांगते, नायतर माझं आयुष्य लिहून घेऊन कोणाला काय करायचंय. तिला वाचायची आवड हाय. तिच्या हातात हे पडू दे. पोरगी जिथं गाते तिथं सुखात गाऊ दे, त्या केळव्याच्या पोरीचा संसार बरा होऊ दे, माझं गाणं माझ्याबरोबर गेलं तर जाऊ दे. बाकी काय काय बोलली असेन ते गाळलंत तरी चालेल, पण एवढं नीट लिहा, तन्वी, बाय, नाव खाली पडलं नाय.